वाढपीचं स्त्रीलिंग काय?

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात वर्गात एक गंमत झाली. निदान त्या दिवशी तरी मला ती गंमतच वाटली होती.

तुम्हांला ठाऊकच आहे, मी आठवड्यातून चार दिवस दुपारच्या सत्रात मराठी शिकवायला जाते. सहावीच्या वर्गाला 'लिंग बदला' दिलं होतं. हा प्रश्न आपण सगळ्याजणींनी फ्रॉक घालायच्या वयात सोडवलेला आहे. माळी-माळीण, धोबी-धोबीण, तेली-तेलीण. पिढ्या गेल्या पण प्रश्न तेच! यंदा म्हटलं, थोडे नवे शब्द घालू. म्हणून स्वयंपाकी घातला, शेजारी घातला आणि वाढपी घातला. स्वयंपाकीण आणि शेजारीण बहुतेकांना आल्या. वाढपीपाशी मात्र सगळा वर्ग अडला. कुणी लिहिलं 'वाढपी बाई', कुणी 'वाढपिका'. एका शहाण्यानं 'वेट्रेस' लिहून दिलं. आणि खिडकीजवळच्या बाकावरच्या एका मुलीनं अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, वाढपी : आई.

मला हसू आवरेना. लाल पेनानं फुल्ली मारली, शेजारी 'वाढपीण' लिहिलं आणि खाली शेरा दिला, 'पाच वेळा लिहून आणणे'. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत वही सगळ्यांना दाखवली. सगळे पोट धरधरून हसले. घरी आल्यावर जेवताना ह्यांनाही सांगितलं. हे म्हणाले, "चुकलं काय त्यात? बरोबरच आहे की उत्तर." आणि आमटीसाठी वाटी पुढे केली!

वाटी भरता भरता माझ्या मनात आलं, मी 'वाढपीण' लिहिलं खरं, पण हा शब्द आपण कधी कुणाच्या तोंडून ऐकलाय का? माझ्याजवळच्या शालेय कोशात वाढपी आहे, तोही पुल्लिंगी. त्याच्या बायकोचा पत्ता नाही. म्हणजे फुल्ली मारणाऱ्या बाईंना तरी उत्तर कुठे येत होतं?

तेव्हापासून मला एक खोडच लागली. हॉटेलात गेलं की पदार्थांच्या आधी मी तिथल्या माणसांची नावं न्याहाळते. सुरुवात दाराबाहेरच्या पाटीपासून. निम्म्या पाट्यांवर 'उपहारगृह' लिहिलेलं असतं. उपहार म्हणजे भेटवस्तू. खाण्याचा तो उपाहार. एक काना गेला की इडलीचं दुकान भेटवस्तूंचं होतं. मी मुलांना सांगते, काना विसरलात तर आत जाऊन फुकट मागा, पाटीनं वचन दिलंय!

आत गेलं की 'वेटर'. इंग्रजी 'वेट' म्हणजे वाट पाहणं. पण हॉटेलात वाट पाहतो कोण? आपण! तो बिचारा धावत असतो. मग खरा वेटर कोण? इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ पहारा करणारा, लक्ष ठेवणारा असा होता. त्यावरून मग हाताशी हजर राहणारा, आणि पुढे ताट आणून देणारा. आपल्या मराठीत मात्र 'वाट' या शब्दाच्या आसपास सगळी सोय आहे. वाट बघणारे आपण, वाटी आणणारा तो, आणि बिल आलं की खिशाची वाट!

जुन्या साहेबी क्लबांतून आणि रेल्वेच्या भोजनगृहांतून 'बेअरर' असायचे. बेअर म्हणजे वाहणं, उचलणं. पालखी उचलणारा भोई तो बेअरर आणि साहेबाच्या घरी सरबराई करणारा तोही बेअररच. बेअर करणं म्हणजे सोसणंही. गिऱ्हाइकांची बोलणी सोसणारा, असाही अर्थ घ्यायला हरकत नाही. हिंदीत त्याचा झाला 'बैरा'. आता आपल्याकडे ग्रामीण बोलीत बैरा म्हणजे बहिरा. चार हाका मारूनही जो बघत नाही त्याला याहून चांगलं नाव कुठलं सापडणार?

माझे सासरे उमेदीच्या काळात मुंबईला होते. त्यांच्याकडून त्या वेळच्या हॉटेलांची गोष्ट ऐकावी. लेखी बिल फारसं नसेच. गिऱ्हाईक उठून गल्ल्याकडे निघालं की पोऱ्या मागून ओरडायचा, "काळी टोपी, दोन माणसं, बारा आणे!" म्हणजे भर हॉटेलात तुमचं नाव काळी टोपी. तिथे प्रत्येकाला हुद्दा असे. चहा करणारा तो वस्ताद. कपबश्या विसळणारा तो मोरीवाला. टेबल पुसणारा फडकेवाला (आमच्या शेजारच्या फडके वहिनींना हे सांगितलं नाही अजून). आणि आसपासच्या दुकानांत, कचेऱ्यांत चहा पोचवणारा तो बाहेरवाला.

आता करा बघू लिंग बदल! मोरीवाली ठीक आहे. पण बाहेरवाली? हा शब्द सहावीच्या वहीत लिहायची काही सोय नाही. बघा कसं आहे, पुरुष चहाची किटली घेऊन बाहेर पडला तर बाहेरवाला, आणि बाई... जाऊ द्या. घरवालीच बरी.

हॉटेलात पुरुषांना मारायच्या हाका हाही एक स्वतंत्र विषय आहे. ओळख ना देख, पण लगेच नातं. उडुपी हॉटेलात अण्णा. कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ, आणि आपणही तो शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांना वापरतोच, त्यामुळे तो चपखल बसला. इतरत्र मामा, काका, भैया. 'मामा, बिल आणा,' म्हणायचं. बिल आलं की कळतं, मामा कोण झालं ते.

परवा रविवारी आम्ही चौघं डोसा खायला गेलो होतो. आमच्या धाकट्यानं बसल्या बसल्या हाक मारली, "ए छोटू!" कुठे ऐकलं कुणास ठाऊक. आणि आले कोण, तर चांगले पिकल्या मिशांचे गृहस्थ. छोटू म्हणून हाक मारल्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. सवयीचं असणार. मला मात्र पाणी पिताना ठसका लागला. त्यांनी इडली, वडा, डोसा, उत्तप्पा, उपमा, शिरा अशी यादी एका दमात म्हटली. आमच्या वर्गातल्या एकाही मुलाला इतकं पाठ येत नाही.

छोटू, बारक्या, पोऱ्या ही नावं आली कुठून, तर खरोखरच ती पोरं असत म्हणून. दहा-बारा वर्षांची, गावाकडून आलेली, रात्री बाकांवर झोपणारी. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेल, धाबा, चहाची टपरी आणि घरकाम यांत ठेवायला कायद्यानं बंदी आली. २०१६ मध्ये कायदा आणखी कडक झाला. पण नाव मागे राहिलं. पोऱ्या वयानं पन्नाशीचा झाला तरी पोऱ्याच. हे केवळ आपल्याकडेच आहे असं नाही हं. फ्रेंच लोक वेटरला 'गार्सों' म्हणत. म्हणजे मुलगा, पोरगा! आताशा तिकडे ही हाक असभ्य मानतात, 'महाशय' म्हणतात.

माझे एक दीर जर्मनीत आहेत. ते सांगतात की तिकडे जुन्या पठडीतले लोक वेटरला 'हेर ओबर' अशी हाक मारत. ओबर म्हणजे वरचा. मुळात तो मुख्य वेटरचा हुद्दा. पण कोणीही टेबलाशी आला तरी त्याला मुख्यच म्हणायचं, म्हणजे माणूस खूश. हवालदाराला आपण साहेब म्हणतो ना, तसं. मी विचारलं, "आणि बाई असली तर?" तर म्हणे 'फ्रॉइलाइन'. म्हणजे कुमारी! घ्या. पुरुषाला बढती आणि बाईला कौमार्य. चार मुलांची आई का असेना, हातात ट्रे आला की ती कुमारी. तीही हाक आता मागे पडली आहे म्हणा.

इंग्रजीत वेटरची वेट्रेस झाली. पुढे तिकडच्या बायका म्हणाल्या, काम एक तर नाव वेगळं का? मग १९८०च्या सुमाराला अमेरिकेत दोघांसाठी 'वेट्रॉन' असा शब्द कुणीतरी काढला. वॉशिंग मशीनचं नाव वाटतं की नाही? तो काही फार चालला नाही. हल्ली तिथे स्त्री असो की पुरुष, 'सर्व्हर' म्हणतात. माझी मावसबहीण फोनवर म्हणाली, "अगं, सर्व्हर इतका वेळ आलाच नाही." मी म्हटलं, "आमच्याकडेही रेशनच्या दुकानात तेच. सकाळपासून सर्व्हर डाऊन!"

मोठ्या हॉटेलांतले हुद्दे तर विचारू नका. ऑर्डर घेतो तो कॅप्टन. त्याच्या हाताखाली स्टुअर्ड किंवा आणखी कोणी. स्टुअर्ड या शब्दाचा जुना इंग्रजी अर्थ घर राखणारा, घराचा कारभार पाहणारा. म्हणजे आपल्या भाषेत चक्क कारभारी! आमच्या गावाकडे अजून बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. आता तुम्हीच सांगा, हातात ताट घेऊन 'आणखी काय हवं?' विचारणारा कारभारी तुमच्यापैकी किती जणींच्या घरी आहे?

बायकांसाठी भाषेनं एकच हुद्दा मोठ्या हौसेनं बनवला, तो म्हणजे हवाईसुंदरी. विचार करा, काम काय तर प्रवाशांची काळजी घेणं, संकटात त्यांना बाहेर काढणं, आणि अरुंद बोळातून ढकलगाडी नेत जेवण वाढणं. जगातली पहिली विमानपरिचारिका, एलन चर्च, १९३० साली अमेरिकेत विमानात चढली, ती शिकलेली नर्स होती. पण आपण नाव काय दिलं? सुंदरी. आणि एकदा नावातच सुंदरी आली की वय मोजणं आलं. एअर इंडियात त्या काळी असा नियम होता की हवाईसुंदरीनं पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हायचं, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस राहिले की तेव्हा, यांतलं जे आधी घडेल त्या वेळी. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट रद्द केली. चार वर्षांत लग्न न करण्याची मात्र ठेवली. त्याच विमानात ताटं वाढणाऱ्या पुरुषांना कुणी हवाईसुंदर म्हटलं नाही, ही त्यांची नशिबाची गोष्ट.

पण मी बोलत होते वाढपीबद्दल. 'वाढणं' हा आपला शब्द इतका भला आहे की त्याच्यापुढे सर्व्ह-बिर्व्ह फिकं वाटतं. मूल वाढतं, वेल वाढते आणि पानही वाढतात. वाईट शब्द तोंडातून जाऊ नये म्हणूनही हाच शब्द धावून येतो. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दारातली भिक्षेकरीण 'वाढा हो माय' म्हणते. भाववाढ न बोलावता घरात येते आणि पगारवाढ आमंत्रण देऊनही येत नाही. सगळ्यांना वाढून जिला स्वतःला वाढ मिळत नाही ती कोण, हे कोडं मी मुलांना अजून घातलेलं नाही. उत्तर पुन्हा 'आई' येईल!

आणि वाढणं हे काही साधं काम नव्हे. मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, भाताची मूद मधे, तिच्यावर वरण, वर तूप. नवी नवरी असताना माझी चटणी एकदा उजवीकडे गेली होती, त्याचा उल्लेख सासरी अजून होतो. कोण कधी 'पुरे' म्हणालं की खरंच पुरे आणि कुणाचं 'पुरे' म्हणजे 'अजून अर्धी', हे ओळखायला नजर लागते. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसलं तरी चालतं, असं आपल्याकडे म्हणतात ते काय उगाच?

कोण वाढतो याला पूर्वी फारच महत्त्व होतं, आणि ते सगळंच काही कौतुकाचं नव्हे. 'ब्राह्मणी खानावळ' अशा पाट्या आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिल्या आहेत. स्वयंपाक कुणी केला, पाणी कुणी दिलं, ताट कुणी वाढलं, यावर माणसं जेवत किंवा उठत. काहींना तर दाराच्या आतच घेत नसत. राज्यघटनेनं १९५० साली उपाहारगृहांचं नाव घेऊन ती मनाई मोडली. घटनेच्या पंधराव्या कलमात हॉटेलं आहेत, हे मला बी. ए.ला असताना वाचून नवल वाटलं होतं.

बायका तेव्हाही वाढतच होत्या. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका हजारोंनी होत्या. रांधायचं, वाढायचं, खरकटं काढायचं, आणि वाण्याची उधारी डोक्यावर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. नावही बघा किती नेमकं. लग्नात माहेरून येते ती आपल्या देवघरातली अन्नपूर्णा पाहिलीत ना? तिच्या हातात शस्त्र नाही, पळी आहे. साक्षात शंकराला जिनं भिक्षा वाढली ती. म्हणजे पहिली वाढपीण तीच! पण 'तुमच्या घरात अन्नपूर्णा आहे हो' असं पाहुणे म्हणतात, ती पदवी फुकटची.

हो, 'टिप'चं राहिलंच. ही टिप कुठल्याशा तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून झाली असं पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. ती मागाहून रचलेली गोष्ट आहे. आपल्याकडे टीप म्हणजे पुस्तकात खाली बारीक अक्षरात असते ती, शिवणाची असते ती, आणि डोळ्यांतून गळतात ती टिपं. बशीत बडीशेपेखाली लपवलेल्या नाण्याला यांतला कुठला अर्थ लावायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझं एवढंच सांगणं, लग्नकार्यात केटररचे पैसे चुकते करताना वाढायला होती त्या माणसांच्या हातात काही वेगळं ठेवा, आणि ते मालकाच्या हाती न देता ज्याच्या त्याच्या हातात द्या. हे मी आता सांगते आहे, कारण गेल्या पंधरवड्यात जे झालं ते.

आमच्या नात्यातलं एक लग्न होतं, गावातल्याच मंगल कार्यालयात. टेबलं मांडून पंगत होती. पूर्वी वाढायला घरचीच मुलं कमरेला उपरणं बांधून उभी राहत, आता केटररची माणसं असतात. पुरुषांना एकसारखे शर्ट, बायकांना एकसारख्या जांभळ्या साड्या. जिलबी झाली, मी हात वर करून म्हटलं, "मावशी, जरा मठ्ठा." ती वळली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहानच असेल. एका हातात मठ्ठ्याचं भांडं, दुसऱ्यात आमटीची बादली. मला बघून तिनं बादली खाली ठेवली आणि पदर सारखा केला.

"बाई, ओळखलं नाही का? पालकसभेला आले होते की मी. खिडकीपाशी बसते बघा माझी पोरगी."

माझ्या हातातली जिलबी हातातच राहिली.

मैत्रिणींनो, त्या पोरीनं विनोद केला नव्हता. आईच्या कष्टांवर हळवं होऊन काही लिहिलं नव्हतं. वाढपी म्हणजे कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि तिच्या घरी ते काम करणारी बाई होती. धोबीच्या मुलीनं धोबीण म्हणजे आई लिहावं तसं तिनं लिहिलं. अर्धं बरोबर उत्तर होतं ते, आणि मी ते शिक्षकखोलीत फिरवून सगळ्यांना हसवलं होतं.

पंगत उठल्यावर मी तिला हात धुवायच्या जागेपाशी गाठलं. उगीच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, तुम्हांला इथं काय म्हणतात? "काय म्हणणार?" ती म्हणाली. "मुकादम फोनवर सांगतो ना, उद्या वीस वाढपी न् आठ बायका. वाढपी म्हणजे ते बाप्ये. आम्ही बायका."

"काम वेगळं असतं का?"

"सुरुवातीला म्हणतो, तुम्ही चटणी-कोशिंबीर न् पोळ्या फिरवा. बादल्या वाढपी उचलतील. मग गर्दी झाली की कुठली बादली न् कुठलं काय. आज भाताची पातेलीसुद्धा आम्हीच आणली." आणि मग जरा थांबून, "त्यांना आठशे देतो, आम्हांला सहाशे. विचारलं तर म्हणतो, तुम्ही काय वाढपी आहात का?"

एका कामाला एकच मजुरी, बाई असो की बाप्या, असा कायदा १९७६ साली झाला आहे. २०१९ च्या वेतन संहितेतही तेच आहे. मी तिला ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली. मागून कुणीतरी "ए, बायका कुठं गेल्या?" म्हणून ओरडलं आणि ती बादली उचलून गेली. निघताना मी तिच्या हातात शंभराची नोट ठेवली. मला स्वतःलाच ते फार बरं वाटलं असं नाही.

सोमवारी शाळेत गेल्या गेल्या मी ती वही मागून घेतली. माझ्या लाल शेऱ्याखाली ओळीनं पाच वेळा लिहिलेलं होतं, वाढपीण, वाढपीण, वाढपीण, वाढपीण, वाढपीण. एकदाही वेलांटी चुकलेली नाही. मी वरची फुल्ली खोडली, अर्धा गुण दिला, मग अर्ध्याचा एक केला. पोरगी जागेवरून बघत होती. वही परत द्यायला हाक मारली तशी जवळ आली आणि हळूच म्हणाली,

"बाई, आई म्हणते असा शब्द खरंच असतो का?"

म्हटलं, "असतो की."

"मग तिला हे पान हवंय. मुकादमाला दाखवायला."

वहीचं पान फाडायचं नाही, असा आमच्या शाळेत कडक नियम आहे, आणि तो मुलांना सांगायचं काम माझ्याचकडे आहे. मी पानाच्या खाली माझी सही केली, तारीख घातली, आणि टेबलावरची पट्टी तिच्या हातात दिली. नीट सरळ फाटावं म्हणून.